एक हाड आणि दोन बिबटे

मुलांना कोणता बोलपट दाखवावा याचा विचार आपण पुष्कळ करतो. परंतु मुलांच्या शेजारी बसल्यावर आपल्याला काय दिसते, याचा विचार मात्र क्वचितच करतो. मोठ्यांसाठी काढलेला एखादा जुना विनोदी बोलपट सात वर्षांच्या मुलाबरोबर पाहावा. नट तेच, प्रसंग तेच. पण आपण जिला कथा समजत होतो ती बाजूला राहते आणि एक निराळीच कथा पडद्यावर उमटू लागते.

मी नुकताच माझ्या नातीबरोबर असा एक बोलपट घरी पाहिला. ‘ब्रिंगिंग अप बेबी’ हे त्याचे नाव. हॉवर्ड हॉक्स यांनी दिग्दर्शित केलेला हा बोलपट १९३८ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. कॅरी ग्रँट हा त्याचा नायक आणि कॅथरीन हेपबर्न ही नायिका. या जातीच्या बोलपटांना तिकडे ‘स्क्रूबॉल’ म्हणतात. बेसबॉलच्या खेळात नेहमीच्या वळणाच्या उलट दिशेने वळणारा जो चेंडू, तो स्क्रूबॉल. आपल्या क्रिकेटमधील गुगलीचा तो चुलतभाऊच म्हणावा. १९३४ साली आलेल्या फ्रँक काप्रा यांच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ने या जातीला मोठे यश मिळवून दिले. त्याच कथेवरून १९५६ साली आपल्याकडे ‘चोरी चोरी’ निघाला, हे अनेकांना स्मरत असेल.

१९३४ पासूनच अमेरिकेतील चित्रपटांवर नीतिनियमांचे बंधन कडक झाले. प्रेमिकांची जवळीक उघडपणे दाखवण्याची सोय उरली नाही. तेव्हा लेखकांनी प्रेमाला दुसरी वाट काढून दिली. नायक-नायिका भांडू लागली, धावू लागली, चिखलात पडू लागली. मोठ्यांना त्या धडपडीमागचे प्रेम दिसते. मुलांना ती धडपडच दिसते आणि तेवढी पुरते. मुलाला मांडीशी घेऊन हे बोलपट पाहता येतात, याचे एक कारण हे आहे.

कथा थोडक्यात अशी. डेव्हिड हा प्राणिसंग्रहालयातला नव्हे, तर वस्तुसंग्रहालयातला पंडित आहे. चार वर्षे खपून त्याने एका महाकाय डायनोसॉरचा सांगाडा उभा केला आहे. एकच हाड कमी आहे आणि तेही आता मिळायचे आहे. दुसऱ्या दिवशी त्याचा विवाह आहे. वाग्दत्त वधूच्या मते विवाह हा संशोधनाच्या आड येता कामा नये. संग्रहालयासाठी दहा लक्ष डॉलरांची देणगी मिळवायला हा गृहस्थ गोल्फच्या मैदानावर जातो, आणि तेथे सुझन नावाची तरुणी आधी त्याचा चेंडू पळवते, मग त्याची मोटार. तिच्या भावाने ब्राझीलहून ‘बेबी’ नावाचा एक माणसाळलेला बिबट्या पाठवलेला असतो. ब्राझीलच्या जंगलात बिबटे नसतात, पण अशा बोलपटाला भूगोल विचारू नये. पुढे ते हाड कुत्रा पळवतो आणि कोठेतरी पुरून ठेवतो, बिबट्या निसटतो, आणि सर्कशीतला एक खुनशी बिबट्याही मोकळा सुटतो.

संवाद इंग्रजी आणि त्यांचा वेग असा की एकाचे वाक्य संपण्यापूर्वीच दुसऱ्याचे सुरू होते. मी मराठीत अर्थ सांगू लागलो. पाच मिनिटांतच नात म्हणाली, “आजोबा, तुम्ही बोलू नका ना. मला कळतंय.” आणि तिला खरोखरच कळत होते. सुझनचा झगा मागून फाटतो, आणि तो झाकण्यासाठी डेव्हिड तिच्या पाठीला चिकटून पावलावर पाऊल टाकीत चालू लागतो, तेव्हा ती पोट धरून हसली. सुझन दोरी बांधून भलताच बिबट्या ओढून आणते, तेव्हा ती ओरडली, “अगं, तो तो नाही!” पडद्यावरच्या शहाण्यासुरत्या मंडळींना जो फरक कळत नव्हता, तो तिला कळत होता.

हॉक्स यांनी पुढे एका मुलाखतीत या बोलपटाचा एक दोष सांगितला होता. यात सगळीच माणसे वेडी आहेत, एकही सरळ माणूस नाही, असे त्यांचे म्हणणे. १९३८ च्या प्रेक्षकाला कदाचित ते जड गेले असेल. मुलाला मात्र ते मुळीच जड जात नाही. त्याच्या दृष्टीने मोठी माणसे अशीच असतात. ती घाईत असतात, एकमेकांचे ऐकून घेत नाहीत, आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट कुत्र्याने कोठे पुरली आहे हे त्यांना ठाऊक नसते.

चित्रणाच्या आरंभी हेपबर्न यांना विनोद साधत नव्हता. आपण गंमत करीत आहोत हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसे. तेव्हा हॉक्स यांनी वॉल्टर कॅटलेट या मुरलेल्या विनोदी नटाला त्यांना धडे द्यायला सांगितले. धड्याचे सार एवढेच, की विनोद करणाराने आपण विनोदी आहोत असे समजू नये. बोलपटातला गोंधळलेला पोलीस अधिकारी म्हणजे हेच कॅटलेट. हे मर्म मुले उपजतच जाणतात. भातुकली मांडलेले मूल कधी हसते का? ते पूर्ण गंभीर असते. हसतो आपण.

पण हसता हसता त्या मुलीने दोन प्रश्न विचारले. पहिला असा : “ती इतकं खोटं बोलते, त्याचे कपडेसुद्धा लपवते, तरी आपल्याला ती आवडते. असं कसं?” मी तिला सांगितले, की आपल्या घरी कोणी असे केले तर मला आवडणार नाही. नायिका फसवते म्हणून नव्हे, तर त्या कोंडलेल्या पंडिताला मोकळी हवा दाखवते म्हणून ती आवडते. हे उत्तर तिला पुरेसे वाटले नाही, आणि ते तसे वाटू नये यातच मला समाधान आहे.

दुसरा प्रश्न शेवटच्या प्रसंगाचा. हरवलेले हाड घेऊन सुझन संग्रहालयात येते, शिडीवर चढते, शिडी डुलू लागते आणि चार वर्षांच्या श्रमांचा तो सारा सांगाडा कोसळतो. तेथे ही मुलगी हसली नाही. “एवढं बांधलेलं मोडलं, आणि ती दोघं मिठी मारतात?” दिवाळीत स्वतःच्या हातांनी मातीचा किल्ला बांधणाऱ्या मुलीचा हा प्रश्न होता. आपण मोठी माणसे सहज म्हणतो, की सांगाडा म्हणजे जुने जीवन, ते मोडलेच पाहिजे. श्रम कोणाचे होते हे मात्र मूल विसरत नाही.

योगायोग असा, की त्याच १९३८ साली आपल्या मराठीतही आचार्य अत्र्यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रह्मचारी’ पडद्यावर आला. तेथेही एक तरुण व्रताच्या सांगाड्यात स्वतःला बसवू पाहतो आणि एक तरुणी तो खिळखिळा करते. दोन भाषांना एकाच वर्षी एकच थट्टा सुचली. ‘ब्रह्मचारी’ने मराठी प्रेक्षक जिंकला, ‘ब्रिंगिंग अप बेबी’ला मात्र अपेक्षित उत्पन्न मिळाले नाही. त्याच वर्षी चित्रगृहमालकांच्या एका संघटनेने हेपबर्न यांचे नाव तिकीटविक्रीला मारक ठरणाऱ्यांच्या यादीत छापले. पुढे काळाने निकाल फिरवला. १९९० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहात जतनासाठी या बोलपटाची निवड झाली.

ज्या विनोदाला त्या काळच्या जाणत्यांनी नाकारले, त्याला आज एक मूल भाषा न कळताही दाद देते, आणि जेथे जाणते हसतात तेथे ते थांबून विचारते. विनोदाला दाद देणारा आणि विनोदाचा हिशेब मागणारा असा प्रेक्षक शेजारी असणे, याहून चांगली संगत कोणती? आपल्या घरी असा प्रेक्षक असेल, तर त्याला एखादा जुना बोलपट अवश्य दाखवावा. अर्थ मात्र सांगत बसू नये. तो विचारील तेव्हा खरे उत्तर द्यावे.