नकाशावरची रेघ आणि आपला किनारा



वादळाचा माग कसा काढतात, हे थोडक्यात सांगायची संयोजकांची आज्ञा आहे. आपण गोराईची माणसं. कित्येकांच्या घरची होडी आजही समुद्रात जाते, तेव्हा विषय घरचाच.

समुद्रावर कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की हवामान खातं त्यावर नजर ठेवतं. इन्सॅट उपग्रहाच्या चित्रांत ढग एका केंद्राभोवती फिरताना दिसतात. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला की ते चक्रीवादळ ठरतं आणि त्याला नाव मिळतं. किनाऱ्याजवळ आलं की रडारही मदतीला येतं.

वादळ स्वतःच्या मर्जीने चालत नाही. वरच्या थरातले वारे त्याला ढकलत नेतात. ते बदलले की वाट बदलते. म्हणून नकाशावर पुढच्या वाटेच्या रेघेभोवती एक पट्टा काढतात. जितके पुढचे दिवस, तितका तो रुंद. कारण तितकी खात्री कमी.

पण ही रेघ आणि पट्टा फक्त वादळाच्या केंद्राचे असतात. वारा, पाऊस आणि लाटा त्याबाहेरही पोचतात. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, आणि मुंबई बरीचशी वाचली. पुढच्या वर्षी 'तौक्ते' मुंबईच्या किनाऱ्याला लागलंच नाही. १७ मे २०२१ रोजी सुमारे १५० किलोमीटर पश्चिमेकडून गुजरातला गेलं. तरी सांताक्रूझला एका दिवसात २०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ जण होते. ७० हून अधिक जण परत आले नाहीत.

खोल समुद्रातली बोट हाक मारल्याबरोबर बंदरात येत नाही. म्हणून मच्छीमारांना इशारा आधीच द्यावा लागतो, बहुतेकदा इथे लख्ख ऊन असताना. 'ऊन तर पडलंय' म्हणून बोट लोटू नका. बावटा लागला की नांगर टाका.

एक विनंती. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वादळाचा नकाशा टाकताना त्यावरची तारीख आणि वेळ आधी बघा. काल सकाळचा नकाशा आज शिळा असतो. हवामान खात्याचं ताजं पत्रक टाका, आणि ज्यांच्या घरचं माणूस समुद्रावर आहे त्यांना फोनही करा. मेसेज वाचला जाईलच असं नाही. फोन मात्र उचलला जातो.