रुग्ण घरी जातो तेव्हा
(वार्षिक सभेतील भाषण)



वर्षभराच्या कार्याचे आकडे अहवालात आहेतच. आज आम्ही त्या आकड्यांत न दिसणाऱ्या आमच्याच एका उणिवेविषयी बोलणार आहोत.

पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्ध गृहस्थांना आम्ही समाधानाने घरी पाठविले. डिस्चार्जच्या कागदावर औषधे, त्यांच्या वेळा, पुढील तपासणीची तारीख, सारे नमूद होते. तीन आठवड्यांनी ते परत आले ते कमरेखाली खोल शय्याव्रण घेऊन. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "औषधाची एकही वेळ चुकवली नाही हो, पण कूस बदलायची असते, हे कुणी सांगितलंच नाही." दोष त्यांचा नव्हता. दर दोन तासांनी कूस बदलणे, माकडहाड व टाचांवरील त्वचा रोज पाहणे, भरविताना रुग्णाला उठवून बसविणे, या गोष्टी आमच्या इतक्या अंगवळणी पडलेल्या, की त्या सांगावयाच्या असतात याचाच आम्हांस विसर पडला होता.

त्यानंतर आम्ही एक शिस्त लावून घेतली. दीर्घकाळ शुश्रूषा लागणार असेल, तर घरातील एका व्यक्तीने डिस्चार्जपूर्वी दोन दिवस परिचारिकेच्या देखरेखीखाली ही कामे स्वतः करावयाची. समाजसेवा विभागानेही कुटुंबाजवळ बसून विचारावयाचे : रात्री कोण जागणार? खर्चाची सोय काय?

मदत उपलब्ध असते. परंतु ती विखुरलेली असते. केंद्र शासनाची ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत माहिती व मार्गदर्शन देते. सत्तर वर्षांवरील प्रत्येकास २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरी ठेवलेल्या आयाचा पगार त्यातून भागत नाही, हे आधीच जाणून घ्यावे. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव असतात. त्यासाठी समाजसेवा विभागाकडे निःसंकोच यावे. मुले सांभाळ करीत नसतील, तर २००७ च्या कायद्यान्वये आईवडिलांना प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात निर्वाहभत्ता मागता येतो.

आता शुश्रूषा करणाऱ्यांविषयी. ती बहुधा घरातील सून, लेक वा स्वतःच सत्तरी गाठलेली पत्नी असते. रुग्णाची चौकशी सारे करतात. तिला झोप मिळते का, हे कुणी विचारीत नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाबरोबर तर दिवस आणि रात्र यांतील सीमाच पुसली जाते. आठवड्यातून एक दुपार दुसऱ्या कुणी रुग्णाजवळ बसावे, ही मागणी मुळीच स्वार्थाची नाही. ती थकून कोसळली, तर घरात एकाऐवजी दोन रुग्ण होतात. मन खचले, तर १४४१६ या शासकीय मानसिक आरोग्य सेवेवर कोणत्याही वेळी बोलता येते.

बंधुभगिनींनो, आपल्या देणगीतून शस्त्रक्रियागृहे उभी राहिली, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. या वर्षी मात्र आम्ही पाटी लावता येणार नाही अशा कामांसाठी हात पसरीत आहोत : घरी नेण्यासाठी हवेच्या गाद्या, चाकाच्या खुर्च्या, कमोडच्या खुर्च्या अशा रुग्णोपयोगी साहित्याचा संग्रह, आणि घरोघरी जाऊन चौकशी करणाऱ्या एका समाजसेविकेचे वेतन.

आणि कुटुंबीयांना एकच विनंती. घरी निघण्यापूर्वी आम्हांला अडवून विचारा, "आता घरी काय काय करायचे?" उत्तर मिळाल्याशिवाय निघू नका. ते देणे हे उपचारांइतकेच आमचे कर्तव्य आहे.