पासोडी, करडई आणि रंगाचे शास्त्र



बीड जिल्ह्याचे नाव निघाले की दुष्काळ, ऊसतोड आणि स्थलांतर हे तीन शब्द ठरल्यासारखे पुढे येतात. अशा जिल्ह्यात रंगाच्या शास्त्राचे काय काम, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु अंबाजोगाईत जतन केलेली दासोपंतांची पासोडी, काळ्या रानातील करडईचे पीक आणि गावाच्या वेशीवरचा शेंदूर माखलेला मारुती या तीन गोष्टी एका ओळीत ठेवून पाहाव्यात. शाईचा रंग, कापडाचा रंग आणि लेपाचा रंग, रंगशास्त्राची ही तिन्ही दालने याच मातीत उघडतात. त्या दालनांत शिरले की अभिमान वाटावा असे बरेच काही सापडते आणि डोळ्यांत अंजन घालणारेही बरेच सापडते.

ढब्बू पैशाची शाई

दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५ असा. त्यांच्या प्रचंड लेखनाला रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ ज्यांच्या नावावर सांगितला जातो, त्यांच्याविषयी अशी आख्यायिका निर्माण व्हावी यात नवल नाही. कागद अपुरा पडला म्हणून की काय, त्यांनी ‘पंचीकरण’ हा वेदान्तातील विषय एका जाड सुती पासोडीवर लिहून काढला. ही पासोडी सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. चार शतकांच्या काळात कापड जीर्ण झाले. तरीही तिच्यावरचे लेखन आपल्यापर्यंत पोहोचले.

जुन्या पोथ्यांसाठी आपल्याकडे काजळ आणि बाभळीचा डिंक यांची शाई सर्रास वापरली जाई. काजळ म्हणजे जवळजवळ शुद्ध कोळसा, कार्बन. त्याच्यावर पडणारा बहुतेक सारा प्रकाश तो शोषून घेतो, म्हणून तो काळा दिसतो. ऊन, हवा आणि पाणी यांच्याशी त्याची सहजासहजी रासायनिक क्रिया होत नाही. त्यामुळे अशी शाई फिकी पडत नाही. कापड विरेल, डिंक सुटेल, पण काजळाचा कण काळाच राहील. शास्त्राच्या भाषेत हे ‘रंगद्रव्य’. ते पाण्यात विरघळत नाही. त्याचे बारीक कण कोणत्या तरी चिकट पदार्थाच्या साहाय्याने पृष्ठभागावर धरून ठेवावे लागतात. याउलट ‘रंजक’ हा पदार्थ पाण्यात विरघळतो, धाग्याच्या आत शिरतो आणि तेथे मुक्काम करतो. भिंतीचा रंग आणि लुगड्याचा रंग यांत हा मूलभूत फरक आहे.

रंग राहतो कोठे?

या फरकाच्याही मुळाशी एक प्रश्न आहे. रंग वस्तूत असतो का? न्यूटनने १६६६च्या सुमारास लोलकातून सूर्यप्रकाश सोडून दाखवले की पांढऱ्या प्रकाशातच सारे रंग दडलेले आहेत. वस्तू त्यांतील काही रंग शोषते आणि उरलेले परत पाठवते. ते डोळ्यांत शिरतात, तेथील तीन प्रकारच्या शंकुपेशी त्यांना प्रतिसाद देतात आणि मेंदू त्याला रंगाचे नाव देतो. म्हणजे प्रकाश, वस्तू आणि पाहणारा या तिघांच्या भेटीत रंग जन्माला येतो. तिघांपैकी एक बदलला की रंगही बदलतो.

हे ज्ञान आपल्या घरातील स्त्रियांना पुस्तकाशिवाय अवगत आहे. साडीच्या दुकानात ट्यूबलाइटखाली पसंत पडलेली साडी जाणती गृहिणी तशीच बांधून घेत नाही. पदर हातात धरून ती दुकानाच्या दारापर्यंत येते आणि उन्हात पाहते. दिव्याखाली हुबेहूब जुळलेला ब्लाउजपीस उन्हात वेगळाच दिसतो, कारण दोन कापडांवरची रंजके वेगळी असतात आणि ट्यूबच्या व सूर्याच्या प्रकाशाची घडण निराळी असते. रंगशास्त्रात याला ‘मेटॅमेरिझम’ म्हणतात. कापडगिरण्यांत आणि रंगाच्या कारखान्यांत याच कारणासाठी ठरावीक प्रकाशाच्या पेट्या असतात. दिवसाच्या प्रकाशाचे ‘डी-६५’ हे प्रमाण जगभर मानले जाते. १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने रंग आकड्यांत मांडण्याची पद्धत निश्चित केली आणि १९७६ साली तिला अधिक सुटसुटीत रूप दिले. उजळपणा, तांबडे-हिरवेपणा आणि पिवळे-निळेपणा अशा तीन आकड्यांत आज कोणताही रंग सांगता येतो. इचलकरंजीचा कापडवाला आणि परदेशातील ग्राहक एकमेकांना न भेटता त्या आकड्यांवर सौदा करतात. ज्याच्याजवळ मोजमाप आहे, त्याच्या शब्दाला तेथे किंमत आहे.

करडई म्हणजेच कुसुंबा

आता करडईकडे वळावे. मराठवाड्याच्या रब्बीत हे पीक पिढ्यान्पिढ्या घेतले गेले. कोवळ्या पानांची भाजी, बियांचे तेल, जनावरांना पेंड, इतका तिचा परिचय सर्वांना आहे. परंतु हीच वनस्पती संस्कृतातील ‘कुसुंभ’ आहे आणि ‘कुसुंबी’ हा आपल्या भाषेतील लोभस शब्द तिच्याच फुलांपासून आला, हे अनेकांच्या ध्यानातून गेले आहे.

करडईच्या पाकळीत दोन रंग नांदतात. पिवळा भरपूर असतो आणि पाण्यात सहज विरघळतो. तांबडा, ज्याला ‘कार्थामिन’ म्हणतात, तो एक टक्क्याहूनही कमी असतो आणि साध्या पाण्यात उतरत नाही. जुने रंगारी पाकळ्या पुरचुंडीत बांधून, पाण्यात मळून मळून पिवळा रंग काढून टाकीत. उरलेल्या चोथ्यात सज्जीखार घातला की तांबडा रंग पाण्यात उतरे. मग त्यात सुती कापड बुडवून लिंबाचा रस थोडा थोडा घातला की तो रंग पाण्यातून सुटून धाग्यावर जाऊन बसे. क्षाराने सोडवायचा आणि आम्लाने बसवायचा, हे रसायनशास्त्र ज्यांनी अनुभवातून साधले, त्या रंगारी आणि भावसार मंडळींच्या हातात एक प्रयोगशाळाच होती.

पण येथेच थांबून गौरवगीत गाणे शास्त्राला मान्य होणार नाही. कुसुंब्याचा रंग जितका देखणा तितकाच नाजूक. उन्हात तो उडतो आणि साबणाच्या क्षाराने बिघडतो. मंजिष्ठेचा तांबडा रंग मात्र तुरटीच्या साहाय्याने पक्का होतो. तुरटीतील ॲल्युमिनियम धागा आणि रंजक या दोघांना धरून ठेवते. अशा पदार्थाला ‘रंगबंधक’ म्हणतात. मोहेंजोदडो येथे सापडलेल्या सुती कापडाच्या तुकड्यावर मंजिष्ठेच्या जातीचा रंग आढळला, म्हणजे रंगबंधकाची विद्या या भूमीत किती जुनी आहे याची कल्पना यावी. उत्तरेकडील संतवाणीत कुसुंब्याचा रंग क्षणभंगुर मोहासाठी आणि मंजिष्ठेचा रंग अढळ भक्तीसाठी वापरला गेला. त्या संतांच्या श्रोत्यांना दोन्ही रंगांचे गुणदोष ठाऊक होते, म्हणूनच ती उपमा थेट काळजाला भिडली. कोणता रंग टिकतो आणि कोणता टिकत नाही, हे परखडपणे सांगणे ही परंपरेचीच शिकवण आहे. ‘नैसर्गिक’ एवढी चिठ्ठी लावली की सर्व काही उत्तम, हा भोळेपणा परंपरेत नव्हता.

शेंदराचे कवच

तिसरे दालन लेपाचे. गावोगावच्या मारुतीला शेंदूर आणि तेल यांचे लेप पिढ्यान्पिढ्या चढत जातात आणि त्याचे जाड कवच तयार होते. अस्सल शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड. तेलाशी त्याचा संयोग होऊन चिवट, पाणी न शिरणारा थर बनतो. याच गुणामुळे लोखंडी पूल आणि जहाजे यांच्यावर गंज चढू नये म्हणून जगभर शेंदराचा पहिला हात दिला जात असे. रंगद्रव्य आणि त्याला धरून ठेवणारे तेल, हे कोणत्याही रंगलेपाचे मूळ सूत्र येथे स्पष्ट दिसते.

या तेलाच्या बाबतीतही करडई पुन्हा समोर येते. करडईच्या तेलात लिनोलिक आम्लाचे प्रमाण मोठे असते, त्यामुळे ते हवेत हळूहळू सुकते. आणि जवसाच्या तेलासारखे ते काळाबरोबर पिवळे पडत नाही. म्हणून पांढऱ्या व फिक्या रंगलेपांसाठी रंगउद्योगाने या तेलाला पसंती दिली. एकाच झाडाच्या पाकळीत कापडाचा रंग आणि बीमध्ये भिंतीच्या रंगाचा आधार, असा हा योग आहे.

शेंदराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शिसे विषारी आहे. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा गंभीर परिणाम होतो. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. श्रद्धा कायम ठेवून साधने निर्दोष करणे यात परंपरेचा अवमान नाही.

विद्या होती, नोंद नव्हती

मग एवढी विद्या असताना रंगाचा व्यापार हातातून गेला कसा? १८५६ साली अठरा वर्षांचा विल्यम पर्किन हिवतापावरील क्विनीन बनवण्याच्या खटपटीत होता. त्यातून त्याला जांभळा रंग गवसला आणि डांबरापासून रंग बनवण्याचे युग सुरू झाले. १८६८ साली मंजिष्ठेतील मूळ रंजक प्रयोगशाळेत तयार झाले. १८९७ साली जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि पहिल्या महायुद्धापर्यंत भारतीय निळीचा व्यापार मोडकळीस आला. चंपारणच्या शेतकऱ्यांना लुटणारे निळीचे मळेवाले परके होते, तसेच निळीला निरुपयोगी ठरवणारे रसायनज्ञही परके होते. दोन्हीकडे निर्णय आपल्या हातात नव्हता.

याच काळात थॉमस वॉर्डल हा इंग्लंडमधील रेशीमरंगारी भारतातील वनस्पतिज रंगांचे नमुने मागवून, हजारो तुकड्यांवर ते चढवून त्यांची पद्धतशीर नोंद करीत होता. आपल्या रंगाऱ्यांची विद्या त्यांच्या हातांत आणि कुटुंबांत होती, वहीत नव्हती. धंदा बसला तेव्हा हात थांबले आणि विद्याही थांबली.

या पोकळीची जाणीव असलेली माणसे आपल्याकडेही होती. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन उभारले आणि रंगाईचे रसायनशास्त्र शिकवण्याची सोय केली. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागाची, म्हणजे पुढे ‘यूडीसीटी’ म्हणून नावाजलेल्या संस्थेची स्थापना झाली. वस्त्ररसायन हा तेथील आरंभीच्या अभ्यासक्रमांपैकी एक. १९३८ साली डॉ. के. वेंकटरामन तिचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंजकांवरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९५२ साली निघाला आणि जगभरच्या रंगरसायनज्ञांनी तो प्रमाण मानला. ज्या जर्मन विद्येने निळीचा व्यापार संपवला, त्या विद्येचा अधिकारी ग्रंथ मुंबईत काम केलेल्या शास्त्रज्ञाने लिहिला, हे पुनःपुन्हा सांगण्याजोगे आहे. हीच संस्था आज रसायन तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते आणि २०१८ पासून तिचा मराठवाडा परिसर शेजारच्या जालन्यात आहे.

बीडने काय करावे?

आज बीडचा कापूस जिनिंगमध्ये सरकी काढून, गाठी बांधून बाहेर जातो. सूत, कापड, रंगाई, छपाई आणि शिलाई या प्रत्येक पायरीवर किंमत वाढते आणि ती वाढ दुसऱ्या गावी जमा होते. यावर ‘येथेच रंगाईचे कारखाने काढा’ असे उत्तर सोपे वाटते. पण पारंपरिक पद्धतीने एक किलो कापड रंगवून धुऊन काढण्यास शंभर लिटरच्या आसपास पाणी लागते आणि रंगीत सांडपाण्याचा प्रश्न वेगळाच. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, तेथे बिंदुसरेच्या काठी असा उद्योग बेफिकिरीने उभारणे आत्मघातकी ठरेल.

करडई मात्र कमी पाण्यात येते. गेल्या काही दशकांत सोयाबीन वाढले, काढणीला मजूर मिळेनासे झाले आणि काट्यांचा त्रास नको म्हणून शेतकऱ्यांनी करडई सोडली. काट्यांवर उपाय निघाला आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘पीबीएनएस-४०’ आणि फलटणच्या निंबकर संस्थेने ‘नारी-६’ हे बिनकाटेरी वाण दिले आहेत. अशा पिकात पाकळ्या वेचणे शक्य होते आणि पाकळी सुकू लागल्यावर वेचली की बी झाडावरच राहते. पाकळ्यांचा उपयोग खाद्यरंगासाठी आणि औषधी चहासाठी होतो. हे काम गावातच, बचत गटांच्या हातून होऊ शकते. त्यासाठी वाळवणीची स्वच्छता, रंगाच्या प्रमाणाची तपासणी आणि खरेदीचा आधीच झालेला करार या तीन गोष्टी हव्यात. करार नसताना शेतकऱ्याला पाकळ्या वेचायला सांगणे म्हणजे त्याच्या कर्जात भर घालणे होय.

आणि एक काम आजच, विनाखर्च करता येईल. जिल्ह्यात रंगाईचे काम केलेल्या घरांत जी वृद्ध मंडळी आहेत, त्यांच्याकडून रंगांची नावे, प्रमाणे आणि कृती महाविद्यालयांतील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावीत. प्रत्येक कृतीचा कापडावर नमुना करावा. तो उन्हात ठेवावा, साबणाने धुवावा आणि किती टिकला ते निर्भीडपणे नोंदवावे. टिकेल त्याचा अभिमान बाळगावा, उडेल ते उडते असे लिहावे.

दासोपंतांनी हाताशी असलेल्या जाड्याभरड्या सुती वस्त्रावर लिहून ठेवले, म्हणून त्यांचा विचार आपल्यापर्यंत आला. त्याच काळच्या येथील रंगाऱ्याची विद्या कोणी लिहिली नाही, म्हणून तिच्यातले फारच थोडे आपल्या हाती लागले. जे अजून कोणाच्या स्मरणात शिल्लक आहे, ते लिहून घेण्यास अंबाजोगाईहून योग्य जागा कोणती?