जुने यंत्र, नवी प्रणाली : शाळेचा संगणक आणि लिनक्स
(वरणगाव येथील शिक्षण परिषदेतील व्याख्यानाचा मजकूर)



वरणगावला यंत्रांची ओळख नवी नाही. १९६४ मध्ये येथे आयुध निर्माणी स्थापन झाली, आणि यंत्र, साचा, मोजमाप हे शब्द या परिसरातील अनेक घरांत रोजच्या बोलण्यात आले. कापणारे हत्यार झिजले म्हणून सबंध लेथ भंगारात काढावयाचा नसतो, हे कारखान्यातील कोणताही कुशल कामगार सांगेल. शाळेतील संगणकाच्या बाबतीत मात्र हा साधा विवेक पुष्कळदा सुटतो.

विंडोज १० या प्रणालीस तिच्या निर्मात्या कंपनीकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुढील प्रणाली, म्हणजे विंडोज ११, चालविण्यास किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते. सुमारे २०१८ पूर्वीचे बहुतेक संगणक या कसोटीस उतरत नाहीत. असा संगणक बंद पडलेला नसतो. पडदा उजळतो, कळफलक चालतो. तरीही तो हळूहळू कपाटात जातो आणि जडसंग्रह नोंदवहीत निर्लेखनाची वाट पाहू लागतो. ज्या मुलाच्या घरी संगणक नाही, त्याची संधी त्याच कपाटात कुलूपबंद होते. प्रश्न यंत्राचा नसून त्या मुलाचा आहे.

अशा यंत्रास पुन्हा कामास लावण्याचा एक मार्ग म्हणजे लिनक्स. संगणकाच्या निरनिराळ्या भागांकडून काम करवून घेणारी जी मूळ आज्ञावली असते, तिला प्रणाली म्हणतात. १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी सर्वांना मोकळेपणाने वापरता येईल अशी प्रणाली घडविण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने तिच्या गाभ्याचा भाग लिहून तो लोकांपुढे ठेवला. या दोन प्रयत्नांच्या मिलाफातून आजचे लिनक्स उभे राहिले. ज्या शिक्षकाच्या खिशात अँड्रॉइड भ्रमणध्वनी आहे, त्याच्याजवळ लिनक्सचा गाभा आधीच आहे; केवळ त्याची त्यास जाणीव नसते.

या प्रणालीचे वैशिष्ट्य खानदेशातील शेतकऱ्यास चटकन उमगेल. विकतचे संकरित बियाणे दर हंगामास घ्यावे लागते. घरचे बियाणे राखता येते, पेरता येते, शेजाऱ्यास देता येते आणि निवड करून सुधारताही येते. लिनक्सची प्रत अशीच दहा संगणकांवर घालता येते, दुसऱ्या शाळेस देता येते, आणि जाणकारास ती उघडून बदलताही येते. तिला बहुधा मोल पडत नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहेच. परंतु शाळेच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट निराळी आहे. परवान्यावाचून उतरवून घेतलेली प्रणाली वर्गात चालू ठेवून त्याच वर्गात प्रामाणिकपणाचा पाठ द्यावयाचा, ही विसंगती मुलांच्या ध्यानात येत नाही असे समजू नये. येथे प्रत देणे हा अपराध नसून रीत आहे.

इतके असूनही घाईने केलेला बदल हानिकारक ठरतो. पहिली अडचण मराठीची आहे. अनेक शाळांतील जुन्या प्रश्नपत्रिका, दाखल्यांचे नमुने व अहवाल जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचांत टंकलिखित केलेले असतात. त्या पद्धतीत ‘क’ हे अक्षर संगणक ‘क’ म्हणून जाणतच नाही. रोमन अक्षराच्या जागी केवळ मराठी अक्षराचे चित्र बसविलेले असते. तो अक्षरसंच नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक ढीग दिसतो. मोडी लिपी शाळांतून गेल्यावर घरोघरचे जुने कागद वाचणारा माणूस शोधावा लागला. या फाइलींची गत तशीच होईल. हा दोष लिनक्सचा नव्हे, जुन्या टंकनपद्धतीचा आहे. बदलाच्या वेळी तो उघडा पडतो इतकेच. यास्तव प्रणाली बदलण्यापूर्वीच आवश्यक फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित करून जोडाक्षरे, काना, मात्रा व वेलांटी नजरेखालून घालाव्यात.

पुढील टंकनासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक शिकणे हिताचे आहे. १९९१ च्या भारतीय मानकात त्याचा समावेश आहे आणि तो विंडोजवर व लिनक्सवर सारखाच चालतो. त्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे येतात. बाराखडी ज्यास येते, त्यास ही मांडणी परकी वाटत नाही. एकदा हात बसला की पुढे कोणतीही प्रणाली आली तरी शिक्षकाचे कौशल्य त्याच्याजवळच राहते.

दुसरी अडचण कार्यालयीन कामाची. शाळेची बरीचशी ऑनलाइन माहिती ब्राउझरमधून भरली जाते आणि तेवढ्यापुरती लिनक्सवर सहसा अडचण येत नाही. वरिष्ठ कार्यालयाकडून आलेले तक्ते लिबरऑफिसमध्ये उघडतात. परंतु ज्या तक्त्यात मॅक्रो घातलेले असतात, तो नीट चालेलच असे नाही. मुद्रक, डिजिटल स्वाक्षरीचे साधन किंवा प्रक्षेपक यांचीही आधी परीक्षा घ्यावी. जो हे सांगत नाही व सर्व काही सोपे आहे असे म्हणतो, तो नव्या प्रणालीचा मित्र नव्हे.

परीक्षेचा मार्ग सुलभ आहे. लिनक्सची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन, संगणकात काहीही न बसविता, तेथूनच ती चालविता येते. आवाज, मुद्रक, इंटरनेट व मराठी अक्षरे ठीक आहेत की नाहीत ते पाहावे आणि संगणक बंद करावा. जुनी व्यवस्था जशीच्या तशी राहते. यंत्र फार जुने असल्यास कमी स्मृतीत चालणारा हलका प्रकार निवडावा. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, २००७ पासून बॉस नावाची भारतीय आवृत्ती उपलब्ध केली असून तीत मराठीचीही सोय आहे. प्रत्यक्ष स्थापनेपूर्वी सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या साधनावर काढून, ती उघडते याची खातरी करावी. कारण संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय चुकून निवडला गेल्यास वर्षांचे काम क्षणात जाते. शाळेचा संगणक ही सार्वजनिक मालमत्ता आहे; म्हणून मुख्याध्यापकांची संमती घ्यावी, आणि हमीची मुदत चालू असल्यास तिच्या अटी पाहाव्यात.

सर्व संगणक एकदम बदलू नयेत. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली, तेव्हा रुपयाचे सोळा आणे मोडून शंभर नये पैसे झाले. आणे त्याच दिवशी नाहीसे झाले नाहीत. दोन्ही नाणी काही वर्षे बाजारात शेजारी शेजारी फिरली, आणि दोहोंचा मेळ घालण्याचे शिक्षण गावोगावच्या प्राथमिक शिक्षकाने मुलांना दिले. संगणकावरही दोन प्रणाली शेजारी शेजारी ठेवता येतात. प्रथम एक यंत्र घ्यावे. त्यावर एक सत्र काम करावे. जे अडले ते वहीत लिहावे. मग दुसरे यंत्र घ्यावे.

या वाटेवर महाराष्ट्रातील शाळा पूर्वीही चालून गेल्या आहेत. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका एकशिक्षकी शाळेत मुलामागे एक लॅपटॉप देण्याचा आंतरराष्ट्रीय प्रयोग झाला. त्या लॅपटॉपची प्रणाली लिनक्सवर आधारलेली होती. सवय मोडण्याचे कष्ट मोठ्यांना असतात. लहान मुलास दोन्ही प्रणाली सारख्याच नव्या. केरळ राज्याने २००१ मध्ये सुरू केलेल्या आयटी-ॲट-स्कूल योजनेतून पुढे मुक्त प्रणाली शाळाशाळांत नेली आणि आपल्या शाळांसाठी स्वतंत्र आवृत्तीही तयार केली. तेथे यंत्रांबरोबर शिक्षकांच्या प्रशिक्षणाची साखळी उभी करण्यात आली, ही त्या यशातील मुख्य गोष्ट होय. मराठी शिक्षकासही साधने उपलब्ध आहेत. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात लिनक्स व लिबरऑफिस यांचे पाठ मराठीतून ऐकावयास मिळतात.

प्रत्येक शाळेत निदान दोन शिक्षकांनी हे काम शिकावे. एकच जाणकार असला आणि त्याची बदली झाली, की संगणक पुन्हा कपाटात जातो. सातवी-आठवीतील चार मुलांनाही सोबत घ्यावे. यंत्र चालू करणे, फाइल जपून ठेवणे, मराठीत परिच्छेद टंकणे, ही कामे मुले आनंदाने करतात आणि धाकट्यांना शिकवितात.

प्रणाली आज ही आहे, उद्या दुसरी येईल. शिक्षकाने मुलास एखाद्या कंपनीची बटणे पाठ करावयास लावू नयेत. लिहिणे, मोजणे, शोधणे व जपून ठेवणे या क्रिया शिकवाव्यात. त्या आल्या म्हणजे मूल कोणत्याही यंत्रापुढे न बावरता बसेल. येत्या सुट्टीपूर्वी प्रत्येक शाळेने जडसंग्रह नोंदवही उघडावी, निर्लेखनासाठी ठेवलेल्या संगणकांपैकी एक बाहेर काढावा, त्यावरील धूळ पुसावी आणि पेनड्राइव्ह लावून तो चालतो काय ते पाहावे. तो चालला, तर त्याच्यासमोर प्रथम त्या मुलास बसवावे, ज्याच्या घरी संगणक नाही.