पिंजरा कोणाला हवा?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांचा जमाखर्च सेक्रेटरींनी मांडलाच आहे. त्यामुळे बँकवाला असूनही मी त्यात शिरत नाही. मागच्या मीटिंगमध्ये अर्धवट राहिलेल्या विषयावर बोलतो. मागच्या लाइनीतल्या बंगल्यातला कुत्रा रात्रीत गेला, साखळी तेवढी उरली. लगेच अर्ज निघाला की पिंजरा लावा, बिबट्या उचलून न्या. मी त्यावर सही केली नाही.

ज्ञानगंगा अभयारण्य आपल्या उशाशी आहे. २०५ चौरस किलोमीटरचं जंगल. २०१९ मध्ये टिपेश्वरचा वाघ तेराशे किलोमीटर चालून तिथं आला, तेव्हा आपण कौतुकाने पेपर वाचत होतो. बिबट्या मात्र तिथला कायमचा. आपल्यापेक्षा जुना सभासद म्हणा ना! एक नेला तर त्याची जागा दुसरा घेतो. शिवाय नेलेला सोडायचा कुठे? जुन्नर भागात २००१ पासून बिबटे पकडून लांब सोडले, तर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ झाले. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली. खाण्यात वजनाने सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. आपल्या मागच्या गेटजवळ शिळं अन्न पडतं, त्यावर कुत्री जमतात. पुढचं सांगायला नको.

नोकरीत असताना शेळीपालनाची कर्जं भरपूर दिली. दहा शेळ्या, एक बोकड. तपासणीला गेलं की कानातला बिल्ला बघायचा, कारण बिल्ला नाही तर विम्याचा दावा नाही. वाडगं मात्र बहुतेकांचं पऱ्हाट्या-तुराट्यांचं, वर उघडं आभाळ. बिबट्या आत उतरला की शेळ्या कोंडलेल्या जागेत सैरावैरा पळतात, आणि तो एकीवर थांबत नाही. सकाळी चार-पाच पडलेल्या. हप्ते चालूच!

म्हणून सांगतो, नुसत्या उंच भिंतीवर पैसे घालू नका. आठ फुटी कंपाउंड तो सहज चढतो. वरून बंद पाहिजे. अँगलवर पत्रा, नाहीतर वेल्डमेश. ती पातळ षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवायला ठीक आहे, बिबट्याला बाहेर ठेवायला नाही. गजांतून पंजा आत जातो, तेव्हा गजांनाही बारीक जाळी लावा. कोंबड्यांचे वैरी मुंगूस आणि रानमांजर. मुंगूस खालून उकरतं, म्हणून जाळी फूटभर जमिनीत गाडायची किंवा खाली फरशी टाकायची. डालग्यावर दगड ठेवायची आपल्या आयांची पद्धत इथं पुरणार नाही. दाराखाली फट नको, आणि कडीला कुलूप हवं.

अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे वाढलेलं ताट. त्याला पळताही येत नाही. रात्री घरात घ्या, नाहीतर छताचा पिंजरा करा. लोखंडाचा भाव ऐकून काही जण दचकतील. जातिवंत पिल्लू घेताना दचकला नव्हतात.

खरा प्रश्न आपल्या वॉचमनचा आहे. त्याच्या चार शेळ्या गेटच्या खोलीमागे ताडपत्रीखाली असतात. कुत्रा गेला तर आपण हळहळतो, त्याची शेळी गेली तर पोरीची फी जाते. तो गोठा सोसायटीने बांधावा असा माझा प्रस्ताव आहे. दहा बाय दहा, तीन फूट विटांची भिंत, वर वेल्डमेश आणि पत्रा. स्मरणिकेच्या जाहिरातींतून जे उरेल त्यातून होईल. कमी पडलं तर पहिली पावती माझ्या नावाने फाडा.

तरीही जनावर गेलंच, तर ते हलवू नका. वनखात्याच्या १९२६ नंबरवर लगेच कळवा. पंचनाम्याशिवाय भरपाई मिळत नाही.

येत्या रविवारी सकाळी फॅब्रिकेटर माप घ्यायला येतोय. ज्यांना आपलं करून घ्यायचंय त्यांनी तेव्हाच माप देऊन टाकावं, एकत्र केलं तर दर कमी लागेल.