बोंडातला धडा



अध्यक्षाने आधी आपली नालायकी कबूल करावी असा आपल्याकडे रिवाज आहे. माझी ती बोलण्याच्या ओघात कळेलच, म्हणून विज्ञान शिकवणाऱ्या तुमच्यापुढे थेट विषयाला हात घालतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी एकतीस वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं. वर्गाला डाव्या हाताला तीन खिडक्या होत्या आणि तिन्हींतून कापसाची पऱ्हाटी दिसायची. उत्क्रांतीचा धडा आला की मी फळ्यावर जिराफ काढायचो. जिराफ मला बरा जमतो. मान लांबत गेलेले तीन जिराफ, त्यांच्याखाली लामार्क, मग डार्विन, आणि शेवटी 'टिपा लिहा'. त्या वर्गातल्या बहुतेक पोरांनी जिराफ कधी पाहिलेला नव्हता. आणि खिडकीबाहेर काय चाललंय ते मी पाहिलेलं नव्हतं.

२०१७ चा नोव्हेंबर. दहावीतली एक मुलगी प्लास्टिकच्या पिशवीत दहा-बारा हिरवी बोंडं घेऊन आली. टणक, तुकतुकीत, बाहेरून अगदी निरोगी. प्रयोगशाळेतल्या ब्लेडने एक फोडलं. आत रुई पांढरी नव्हती, चहा सांडल्यासारखी डागाळलेली होती. सरकीचे दोन दाणे एकमेकांना चिकटले होते, आणि ते सोडवले तर मध्ये गुलाबी अळी. सेंटिमीटरभर असेल. दुसरं बोंड फोडलं, तिसरं फोडलं, तेच. मुलगी म्हणाली, "सर, माहे बाबा म्हणते बीटीत अळी येतच नाही. मंग हे कुठून आली?"

मी तिला सांगितलं, "बियाणं बोगस असेल." गावात सगळे तेच म्हणत होते, मीही म्हणालो. त्याच आठवड्यात मी तिच्या वर्गाला जिराफ शिकवून संपवला होता.

आता हिशेब मांडतो. आपल्या देशात बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात घातलेलं, त्यामुळे झाडाच्या अंगातच एक प्रथिन तयार होतं. अळीने ते खाल्लं की ते तिच्या आतड्याच्या पेशींना जाऊन चिकटतं आणि अळी मरते. २००६ साली दोन जनुकांचं वाण आलं. २०१० साली गुजरातमधल्या गुलाबी बोंडअळीला पहिल्या प्रथिनाने काही होत नाही हे जाहीर झालं, पुढच्या काही वर्षांत दुसरंही निकामी ठरलं, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात, मराठवाड्यात बोंडंच्या बोंडं कवडी झाली. त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यांतले काही आमच्या विद्यार्थ्यांच्या घरचे होते. त्याबद्दल इथे जास्त बोलवत नाही.

शेतकरी म्हणतात, "अळी औषधाला सरावली." ऐकायला बरोबर वाटतं, पण सरावली कुणीच नाही. जिला मरायचं होतं ती प्रत्येक अळी मेली. लाखांत एखादीच्या आतड्यात जन्मतःच थोडा फरक होता, प्रथिन तिला नीट चिकटत नव्हतं. ती जगली, तिचा पतंग झाला, तिने अंडी घातली. दरवर्षी मरणारे मरत गेले, आणि ज्यांचं काही बिघडत नव्हतं त्यांचाच गोतावळा वाढत गेला. डार्विन १८५९ साली जे सांगून गेला ते एवढंच, आणि आमच्याकडे ते पंधरा हंगामांत झालं.

यावर उपायही ठाऊक होता. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम नॉन-बीटीची पुडी यायची. ती शेताच्या कडेने पेरायची. का? प्रतिकाराचा गुण मुख्यतः अप्रभावी आहे. कडेच्या साध्या कापसावर साधे पतंग वाढतात. आतल्या एखाद्या प्रतिकारक पतंगाचा त्यांच्याशी संकर झाला, तर पिल्लांत तो गुण दबून राहतो आणि पिल्लं बीटी खाऊन मरतात. हिरव्या बोंडअळीला तूर चालते, हरभरा चालतो, म्हणून तिच्यासाठी बीटी नसलेलं रान आपोआप राहतं. गुलाबी बोंडअळीचं आपल्याकडे जवळजवळ एकच अन्न, कापूस. तिच्यासाठी ती पुडीच सगळं होती. आमच्याकडे त्या पुड्या धुऱ्यावर पडून राहायच्या. अळी खाणार हे ठाऊक असलेलं बियाणं कोण पेरेल? अमेरिकेत ॲरिझोनात हीच अळी, हाच कापूस. तिथे अशा ओळी नेमाने राखल्या, त्यामुळे बीटी टिकलं. पुढे वांझ पतंग सोडून उरलीसुरली अळीही संपवली आणि २०१८ साली अमेरिकेच्या कापसातून ती हद्दपार झाल्याचं जाहीर केलं.

सगळा दोष अडाणीपणाचा होता असं मी म्हणत नाही. पुडीतलं बियाणं कित्येकदा भलत्याच वाणाचं निघायचं. फरदड घेऊन मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवली की अळीला वर्षभर जेवण. ते लोकांना कळत होतं, पण चार पैसे सुटत होते. तरी 'का पेरायची' हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगायला मेंडेल लागतो आणि डार्विनही. गावात या दोघांना ओळखणारा माणूस मीच होतो, आणि मी जिराफ काढत होतो.

आता पुढचा योगायोग बघा. वेचणीची अशी वाट लागलेली असताना, जानेवारी २०१८ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धान्त वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचं ना लिहिलंय ना सांगितलंय, आणि अभ्यासक्रम बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र पत्रक काढून या म्हणण्याला काही शास्त्रीय आधार नाही असं सांगितलं. वरिष्ठ मंत्र्यांनीही सिंह यांना आवरलं. मला एका गोष्टीची गंमत वाटली. हे गृहस्थ मुंबईचे पोलीस आयुक्त होते. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसला तर गुन्हा घडलाच नाही, असं त्यांनी आपल्या एका तरी तपास अधिकाऱ्याला म्हणू दिलं असतं का? परिस्थितीजन्य पुराव्यावर माणसं जन्मठेप भोगतात. आणि प्रत्यक्ष पाहायचंच असेल तर औरंगाबादेहून बाहेर पडून कुठल्याही कापसाच्या शेतात उतरायचं होतं.

मंत्र्यांच्या बोलण्यावर निदान गदारोळ झाला. पुढे जे झालं ते आवाज न करता झालं. कोविडकाळात मुलांवरचा भार कमी करायचा म्हणून एनसीईआरटीने दहावीच्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यातली उत्क्रांती काढली. शीर्षकात उरली फक्त आनुवंशिकता. शाळा पूर्ववत भरू लागल्या तरी वगळलेलं परत आलं नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी पत्र लिहिलं. उत्तर असं, की बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय आहेच. दहावीनंतर जीवशास्त्र घेणारी मुलं किती? आमच्या शाळेतली बहुतेक आर्ट्सला, आयटीआयला, नाहीतर सरळ शेतात गेली. नॉन-बीटीची पुडी हातात घेणारा मुलगा बारावी सायन्सचा नसतो. आणि मेंडेल ठेवून डार्विन काढला तर त्या पुडीचं उत्तर अर्धंच राहतं.

आपल्या राज्य मंडळाचं दहावीचं जे पुस्तक २०१८ साली आलं, त्याच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. म्हणजे औरंगाबादेत अभ्यासक्रम बदला म्हणून सांगणं झालं त्याच वर्षी बालभारतीने हा धडा पहिल्या क्रमांकावर दिला. याची जाहिरात कुणी केली नाही, म्हणून मी करतो. नवे अभ्यासक्रम येताहेत. इथे बसलेल्यांपैकी काही जण त्या समित्यांवर जातील. त्यांनी हा धडा कुठे जातोय यावर डोळा ठेवावा.

अमेरिकेत हे भांडण उघड असतं. तिथला विरोधक म्हणतो, उत्क्रांती खोटी. आपल्याकडचा म्हणतो, हे तर आमच्याकडे आधीपासूनच होतं, दशावतार बघा. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, झाली की उत्क्रांती! हा नकार जास्त गोड आहे, म्हणून जास्त अवघड. दशावतार मला आवडतो. सिंधुदुर्गात एका जत्रेत रात्रभर बसून पाहिलाय, पहाटेपर्यंत हललो नाही. पण त्यात एक अवतार संपतो आणि दुसरा येतो, कासवाला डुकरं होत नाहीत. मुख्य म्हणजे त्यावरून पुढच्या हंगामात बोंडाचं काय होईल ते सांगता येत नाही. त्या कथेचं ते कामही नाही. तिच्यावर जीवशास्त्राचं ओझं लादणं हा कथेवरही अन्याय आहे.

अमेरिकेतली एक गोष्ट मात्र आपल्या कामाची आहे. पेनसिल्व्हेनियातलं डोव्हर नावाचं छोटं गाव. २००४ साली तिथल्या शाळा मंडळाने ठराव केला की नववीच्या जीवशास्त्राआधी मुलांना एक निवेदन वाचून दाखवायचं: डार्विनचं म्हणणं ही केवळ थिअरी आहे, तिच्यात त्रुटी आहेत, जीवसृष्टीमागे बुद्धिमान रचनाकार असल्याचं सांगणारं पुस्तक अमुक ठिकाणी ठेवलेलं आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी वाचायला नकार दिला. आपला विषय मुलांपुढे मोडतोड करून ठेवायचा नाही हा राज्याच्या शिक्षकी आचारसंहितेतला नियम त्यांनी पुढे केला. शेवटी जानेवारी २००५ मध्ये प्रशासनातले अधिकारी वर्गात येऊन ते वाचून गेले. अकरा पालक कोर्टात गेले. खटल्यात त्या पुस्तकाचे जुने मसुदे निघाले. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांत निर्मितीवाद शिकवायला लावणारा कायदा घटनाबाह्य ठरवल्यावर प्रकाशकांनी 'निर्मितीवादी'च्या जागी 'रचनेचे समर्थक' असा शब्द भरत नेला होता. एका ठिकाणी जुना शब्द पुरता खोडलाच गेला नाही, त्याची दोन्ही टोकं बाहेर राहिली आणि नवा शब्द मध्ये अडकला. आमच्या गावात दुकानाच्या पाटीवर नवं नाव रंगवलं तरी पावसाळ्यात खालचं जुनं नाव वर येतं, तसंच. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानांचा निकाल दिला: हे विज्ञान नव्हे. नेमणूक त्यांची अध्यक्ष बुश यांनी केलेली. ठरावाच्या बाजूचे आठ सदस्य निकालाआधीच निवडणुकीत पडले होते, आणि वकिलांचे दहा लाख डॉलर मंडळाच्या गळ्यात पडले.

निकालापेक्षा मला ते शिक्षक आठवतात. कोर्ट पुढे काय म्हणेल हे नकार देताना त्यांना ठाऊक नव्हतं.

एक तक्रार आपल्या भाषेबद्दलही करून घेतो. आपण 'उत्क्रांतिवाद' म्हणतो. गांधीवाद, साम्यवाद, तसा उत्क्रांतिवाद. वाद म्हटला की पटला तर घ्या, नाहीतर सोडा. 'गुरुत्वाकर्षणवाद' कुणी म्हणत नाही. (सापेक्षतेलाही 'वाद' चिकटलाय, पण आइन्स्टाइनशी भांडायला कुणी येत नाही.) शिवाय 'उत्क्रांती'त वर चढणं आहे, वेदान्तात तर त्या शब्दाचा अर्थ जीवाने शरीर सोडून जाणं असा आहे. बोंडातली अळी कुठे वर चढली? ती जिथे होती तिथेच आहे, फक्त मरत नाही. शब्द रुळलाय, आता बदलणार नाही. पण 'वाद' तेवढा आपण फळ्यावर लिहिणं सोडू शकतो.

आणखी एक कबुली. एकदा एका मुलाने विचारलं, "सर, मग देवानं माणूस केला हे खोटं?" मी म्हणालो, "तुझं शेपूट बघू." वर्ग हसला. त्या मुलाने वर्षभर हात वर केला नाही. हा प्रश्न विचारणारा मुलगा विज्ञानाचा शत्रू नसतो. त्याला एवढंच सांगायला हवं होतं, की आपल्या तासाला आपण मोजता येईल तेवढंच बोलतो, बाकीचं तू घरी आजीशी बोल.

बोंडं आणणाऱ्या मुलीला खरं उत्तर मी पुढच्या वर्षी दिलं. तोवर ती दहावी होऊन गेली होती. तिच्या घरी गेलो, अंगणात तिच्या बाबांसमोर बसून नॉन-बीटीची पुडी फोडली आणि ज्वारीचे दाणे आणि तुरीचे दाणे मांडून संकर समजावला. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गुरुजी, हे तुम्ही धा वर्सं आधी सांगतलं असतं तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

जेवणाच्या मांडवाकडे जाताना डाव्या हाताला एक टेबल दिसेल. त्यावरच्या टोपलीत काल संध्याकाळी तोडलेली हिरवी बोंडं आहेत, शेजारी ब्लेड आणि खडू. प्रत्येकाने वीस बोंडं फोडायची. दोनांत अळी निघाली तर दहा टक्के, म्हणजे फवारणीचा विचार करायची वेळ आली. आपापला आकडा मागच्या फळ्यावर लिहा. ब्लेड जपून वापरा, बोंड निसरडं असतं. आणि अळी सापडली तर फेकू नका, बाटलीत ठेवा, दुपारच्या सत्रात लागणार आहे.