वालाला रात्र मोजता येते

(बाळकुम येथील शरद व्याख्यानमालेतील व्याख्यान)

ज्यांची मुलं परदेशात आहेत अशा आईवडिलांकडून एक प्रश्न हमखास येतो. इंग्लंडहून मुलीने ‘रनर बीन’चं बी पाठवलंय, लाल फुलांची सुरेख वेल येते म्हणे, तर इथे कधी लावू? असं बी पाठवायला कायद्याची आडकाठी आहे, ते आपण तूर्त सोडून देऊ. माझं उत्तर असं की, फुलांसाठी हौस म्हणून लावा, भाजीची आशा धरू नका.

ही वेल मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या थंड डोंगराळ भागातली. इंग्लंडमध्ये तिच्या पेरणीची सगळी काळजी एकाच गोष्टीभोवती फिरते, ती म्हणजे हिमतुषार. म्हणून एप्रिल-मेमध्ये बी घरात कुंडीत रुजवायचं आणि मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला, शेवटचा तुषार पडून गेला की रोपं बाहेर वाफ्यात लावायची. आपल्याकडे तुषार नाही, पण उकाडा आहे आणि उकाड्यात या वेलीची फुलं शेंग न धरताच गळतात. ज्या पंचांगाने तिथली बाग चालते, ते ठाण्यात उघडून उपयोग नाही.

आपली वेल वालाची. बाळकुम, ढोकाळी, कोलशेत ही खाडीकाठची भातशेतीची गावं. आज कशेळीच्या पुलावरून येताना आधी टॉवर दिसतात, खाचरं शोधावी लागतात. पण ठाणे-रायगडच्या या पट्ट्यात वाल कधी पेरायचा हे कुणी तारखेवरून ठरवत नसे. ते भात ठरवायचं. हळवं भात आधी कापणीला येतं, निमगरवं त्यानंतर, गरवं सर्वांत शेवटी. ज्या खाचरातलं भात आधी निघालं, तिथे वाल आधी. त्यातही जमिनीला वाफसा यावा लागतो. चिखलात टोकलं तर बी कुजतं, आठवडाभर उशीर केला तर वरची ओल उडते आणि उगवण विरळ होते. ऑक्टोबर सरता सरता ते नोव्हेंबरअखेर असा हा काळ. त्यानंतर पाणी देण्याची पद्धत फारशी नव्हती. उरलेली ओल आणि पहाटेचं दव यांवर पीक उभं राहायचं. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून देतात, त्यामुळे खताचाही फार आग्रह नाही. भीती ढगाळ हवेची. चार दिवस आभाळ आलं की शेंड्यांवर मावा बसलाच.

पौष-माघात त्या ओल्या शेंगांची पोपटी लागते. मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा आणि भोवती जाळ. शेंगा वाळल्या की कडवे वाल डब्यात जातात आणि श्रावणात बिरडं होऊन पानात येतात. श्रावणातल्या बिरड्याची पेरणी मागच्या कार्तिकात झालेली असते, हे आपण जेवताना विसरतो.

आता मांडवावरच्या वालपापडीकडे येतो, कारण तक्रारी तिच्याच. जूनमध्ये बी लावलं, पावसात वेल गच्चीवर पसरली, ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला, नुसती पानं. मग कुणी खत घालतं, म्हणजे पानं आणखी वाढतात. कुणी वैतागून वेल कापून टाकतं, आणि तेही नेमकं फुलोऱ्याच्या तोंडावर.

या वेलीचं फुलणं तिच्या वयावर फारसं अवलंबून नसतं, रात्रीच्या लांबीवर असतं. आपल्याकडे जूनअखेरीस दिवस तेरा तासांहून थोडा मोठा असतो, डिसेंबरात अकरा तासांच्या आसपास येतो. रात्र पुरेशी लांबली की जुन्या जातीच्या वेलीला फुलाचा इशारा मिळतो. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी हे कोडं सोयाबीन आणि तंबाखूवर सोडवलं आणि १९२० मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी बिलॉक्सी नावाचं सोयाबीन थोड्या थोड्या अंतराने पेरलं. पेरण्यांत महिन्यांचा फरक होता, तरी फुलं जवळजवळ एकाच सुमारास, सप्टेंबरात आली. वालपापडीचंही तसंच. जूनमध्ये लावा की ऑगस्टमध्ये, फुलांची तारीख फारशी हलत नाही, फुलांच्या वेळी वेल केवढी आहे ते बदलतं. मोठा मांडव असेल तर पावसाच्या सुरुवातीला लावावी. बाल्कनीची जाळी एवढीच जागा असेल तर ऑगस्टपर्यंत थांबावं, वेल आवाक्यात राहते.

टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अशा झाडांना रात्र अखंड लागते. रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन हिरवंच राहतं, हे पुष्कळ ठिकाणी पाहिलं गेलं आहे. सोसायटीचा फ्लडलाइट रात्रभर वेलीवर पडत असेल आणि डिसेंबरातही फूल नसेल, तर माझा पहिला संशय त्या दिव्यावर जाईल. खताची पिशवी आणण्याआधी कुंडीची जागा बदलून पाहा.

ज्यांना रात्रीचा हिशेबच नको, त्यांच्यासाठी दिवसाच्या लांबीची पर्वा न करणारे झुडूपवजा वाल आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं ‘कोकण भूषण’, बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे ‘अर्का जय’ आणि ‘अर्का विजय’. कुंडीला हे सोयीचे. तरी चवीच्या बाबतीत मी जुन्या कडव्या वालाच्या बाजूने आहे, आणि हे मत वैज्ञानिक नाही.

रोपं करून हलवावीत का, असंही विचारतात. इंग्लंडात थंडीमुळे तो खटाटोप करावा लागतो. वालाचं सोटमूळ दुखावलं की रोप रुसतं, म्हणून इथे जागच्या जागीच टोकावं. दीड-दोन इंच खोल, एका जागी दोन-तीन दाणे, आणि उगवल्यावर सशक्त तेवढं ठेवायचं. उंदरांचा किंवा गोगलगायींचा फारच त्रास असेल तर कागदाच्या द्रोणात रुजवून द्रोणासकट मातीत ठेवावं.

कडवे वाल लावायचे दिवस आता सुरू होत आहेत. बियाण्यासाठी दुकान गाठायची गरज नाही. पुढच्या वेळी बिरड्यासाठी वाल भिजवाल तेव्हा, भुंग्याने भोक न पाडलेले, छान मोड आलेले दहा-बारा दाणे सोलण्याआधी बाजूला काढा आणि मोड मोडू न देता कुंडीत टोका. बाकीचे सोलायला घ्या.